ओल्या वातीचा आकडा

तीन नंबरच्या टॉवरला सकाळी सहापासून
दर अर्ध्या तासाला मी एकच विचारते:
आत किती, बाहेर किती.
आत त्रेचाळीस. बाहेर तेहेतीस.
दहा अंशांचं ओझं तो हवेत टाकतो
आणि वरच्या वाफेकडे बघून
गावातली पोरं म्हणतात, ढगाचा कारखाना.

ढग कसला.
वर्धेचं पाणी आहे ते, पाइपातून आलेलं,
टर्बाइनची वाफ निववता निववता स्वतःच तापलेलं,
नोझलमधून फुटून, प्लास्टिकच्या जाळ्यांवरून
पातळ होत उतरणारं.
थोडं उडून जातं, म्हणून उरलेलं गार होतं.
देवाजी नन्नावरेंना हे समजावायला गेले,
तर म्हणाले, "म्हंजे आमचा कूलरच नं मॅडम,
फक्त वाळा नाही लावला."

स्टँडवर दोन थर्मामीटर. एक कोरडा, एक ओला.
ओल्याच्या पायात सुती मोजा,
मोज्याचं टोक बाटलीतल्या पाण्यात.
हा ओला जो आकडा सांगतो
त्याच्याखाली टॉवरला उतरता येत नाही,
कितीही उंच बांधा, कितीही पंखे लावा.
फक्त जवळ जायचं.
पुस्तकात त्या अंतराला अप्रोच म्हणतात.
मी वहीत 'जवळीक' लिहिलं होतं,
मग खोडलं.

भादव्याचं ऊन.
कोरडा पस्तीस, ओला साडेएकोणतीस,
आठ दिवस तेच.
हिशेब केला: चौऱ्याहत्तर टक्के.
बोबडे साहेब खूश. वीस वर्षांचा टॉवर आणि चौऱ्याहत्तर!
फायलीवर स्वतःच्या हाताने आकडा लिहिला,
खाली दोन रेघा ओढल्या.

नवव्या दिवशी देवाजी स्टुलावर चढले,
मोजा चिमटीत धरला.
"मॅडम, हे वात तं मेली.
पाणीच नाही पेत."

खरंच.
डिस्टिल्ड वॉटरचा कॅन कधीच संपला होता,
बाटलीत आम्ही बोअरचं पाणी भरत होतो.
क्षार चढून मोजा वाळल्या पापडासारखा.
आठ दिवस ओला थर्मामीटर
अर्धा कोरडाच होता
आणि मी त्याचा शब्द खाली पडू दिला नव्हता.

देवाजी आधी हिंगणघाटला, जिनिंगात.
ते बंद पडलं तसे इकडे आले.
दुसऱ्या दिवशी पुडीत कापूस आणला,
महालक्ष्म्यांच्या वातींतून उरलेला,
सोड्यात उकळून, वाळवून.
"कच्चा नाही चालत. मेण असते त्याले,
पाणी धरत नाही."
तीन वर्षं मी हा विषय शिकले,
हे कुणी सांगितलं नव्हतं.
मांडीवर तळहात एकदाच फिरवला
आणि वात झाली.
बॅटरीवाल्याकडून बाटलीभर पाणी आणलं.

ओला उतरत गेला. सव्वीस पॉइंट सहावर थांबला.
एकसष्ट टक्के.

बोबडे साहेबांनी चष्मा काढला.
"वात बदलली म्हणून टॉवर बदलतो का?"
नाही सर, म्हटलं. टॉवर तोच आहे.
ते बराच वेळ त्या दोन रेघांकडे बघत राहिले.

मग आम्ही वर चढलो, टॉर्च घेऊन.
अर्धी नोझलं बुजलेली,
जाळ्यांवर तोच पांढरा थर,
नखाने खरवडला तर वातीसारखाच कडक.
वरून पलीकडची तूर दिसत होती;
वाऱ्याच्या अंगाची चार तासं
दुरून पिठूळ वाटली. त्याचं मोजमाप
माझ्या प्रबंधात नाही.
देवाजी म्हणाले, "लिहून तं ठेवा."
लिहिलं, समासात, पेन्सिलीने.

जुनी वात वहीतच राहिली आहे.
पान उलटलं की थोडी पूड सांडते
चौऱ्याहत्तरवर,
आणि खालून देवाजींचा आवाज येतो,
"सहा वाजले मॅडम,
आज किती म्हणते थे?"